बटुग्रहांचे चंद्र: पुन्हा तेच प्रश्न

कुठूनतरी एखादी चित्रफीत फिरते आणि प्लूटोसारख्या बटुग्रहांबद्दल (सूर्याभोवती फिरणारे, पण पूर्ण ग्रह न मानलेले छोटे गोल) हेच प्रश्न नव्याने येऊ लागतात. म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न: प्लूटोला सहावा चंद्र सापडला हे खरं का? (मुलुंड)

नाही. शेरॉन, निक्स, हायड्रा, कर्बेरॉस आणि स्टिक्स हे पाचच. २०१५ मध्ये ‘न्यू होरायझन्स’ हे अंतराळयान जवळून गेलं, त्यालाही सहावा सापडला नाही.

प्रश्न: ‘५२५ पट’ दुर्बिणीतून शेरॉन दिसेल, असं दुकानदार म्हणतो. भिंग ६० मिलिमीटरचं आहे. मुलीच्या वाढदिवसाला घ्यावी का? (दादर)

घेऊ नका. खोक्यावरचा हा ‘पट’ म्हणजे निव्वळ धूळफेक. दुर्बिणीची ताकद भिंगाच्या व्यासात असते. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पटीच्या पुढे ताणलं की प्रतिमा फक्त मोठी आणि धूसर होते. त्यातून प्लूटोच दिसणार नाही, आणि शेरॉन तर त्याला इतका चिकटून आहे की मोठ्या दुर्बिणींनाही तो सुटा दाखवणं अवघड जातं. १९७८ मध्ये तो प्लूटोच्या छायाचित्रावर निव्वळ फुगवट्यासारखा सापडला होता. मेकमेके या दुसऱ्या बटुग्रहाचा चंद्र तर मेकमेकेपेक्षा १,३०० पट अंधूक. तो शोधायला हबल ही अवकाशातली दुर्बीण लागली! खोक्यात सूर्य पाहायची काळी काच मिळाली तर ती आधी फेकून द्या, उष्णतेनं ती तडकते. त्यातून कुणी सूर्य पाहिला असेल आणि नजरेत डाग वाटत असेल, तर ‘बघू दोन दिवस’ नको. आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा. खरेदीआधी वांगणीला एखाद्या आकाशदर्शनाला जा, तिथल्या अनुभवी लोकांच्या दुर्बिणींतून शनी पाहा, त्यांचा सल्ला घ्या. वाढदिवस पुढच्या वर्षीही येतो.

प्रश्न: एवढ्याशा बर्फाळ चंद्रांचा उपयोग काय? (गोरेगाव)

ते ग्रहाचं वजन सांगतात. चंद्र किती अंतरावरून किती दिवसांत फेरी मारतो, यावरून ग्रहाचं वस्तुमान काढता येतं. एरिस या बटुग्रहाचा चंद्र डिस्नोमिया सुमारे १६ दिवसांत फिरतो. त्यावरून २००७ मध्ये कळलं की एरिस प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्के जड आहे. आकारानं मात्र ती किंचित लहान, म्हणजे आत खडक जास्त.

प्रश्न: मेकमेकेचा चंद्र पत्रिकेत कुठल्या घरात धरायचा? (ठाणे)

तो नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोलांच्या कायपर पट्ट्यात आहे, पत्रिकेत नाही.

प्रश्न: नातवाच्या नावानं चंद्राचं प्रमाणपत्र घेतलंय. अधिकृत धरायचं का? (विलेपार्ले)

नाही. नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना ठरवते, ती विकत नाही. पैसे परत मिळतील का, ते ग्राहक पंचायतीला विचारा.