ल्यूसी री यांची एकच भट्टी

प्रश्न : केंब्रिजच्या ‘केटल्स यार्ड’ या कलादालनात २०२३ साली भरलेल्या, व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या मृत्तिकाकलाकार ल्यूसी री यांच्या प्रदर्शनाबद्दल वाचलं. त्या बिस्क (ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी) न करता एकदाच भाजत असत. मी कच्च्या भांड्यांना ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) दिलं, तर काहींवरून ते पापुद्र्यासारखं सुटलं आणि दोन वाडगे काठापासून तडकले. काय चुकलं?

उत्तर : इथे दोन वेगवेगळ्या चुका झाल्या आहेत. भांडं अर्धओलं असताना ग्लेझ दिलंत, तर वाळताना भांडं आक्रसतं, पण माती कमी असलेलं ग्लेझ तेवढं आक्रसत नाही, म्हणून सुटतं. त्यात बॉल क्ले (बारीक, चिकट माती) २५–३० टक्क्यांपर्यंत वाढवा. मातीतून अ‍ॅल्युमिना आणि सिलिका येतातच, तेव्हा त्या हिशेबाने केओलिन (पांढरी चिनी माती) आणि क्वार्ट्झ (सिलिकाची पूड) कमी करा. नेमकं हेच ग्लेझ पूर्ण सुकलेल्या भांड्यावर मात्र जास्त आक्रसून सुटेल. तिथे माती कमी हवी.

वाडगे तडकले ते पाण्यामुळे. सुकलेली पातळ भिंत एका बाजूने पाणी पिते, फुगते आणि काठाशी फाटते. बुडवू नका. आधी आत द्या, रात्रभर वाळू द्या, मग बाहेरून. री ग्लेझमध्ये डिंक घालत आणि भांडं चाकावर फिरवत ब्रशने जाड थर देत. डिंकामुळे थर हाताळताना झडत नाही.

भट्टी ६०० अंश सेल्सिअसपर्यंत ताशी ५०–६० अंशांनीच चढवा. मातीत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघतं. ९०० पर्यंत झाकणाचं भोक उघडं ठेवा. मातीतला कार्बन तोवर जळून गेला नाही, तर ग्लेझ वितळल्यावर वायू अडकतो आणि फोड येतात. री यांची भट्टी विजेची होती, तापमान सुमारे १२५० अंश. त्यांच्या वाडग्यांवरच्या बारीक रेषाही न भाजलेल्या मँगनीजच्या थरातून सुईने ओढलेल्या आहेत. ती कल्पना त्यांना १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात सुचली. तिथे प्राचीन भांड्यांशेजारी पक्ष्यांची हाडं मांडलेली होती. त्यांचं भांडं कुठे पाहायला मिळालं, तर त्याची बैठक (तळ) जरूर पाहावी: लंडनच्या भांड्यांवर एलआर हा ठसा असतो, व्हिएन्नाच्या काळातल्यांवर रंगवलेली एलआरजी ही अक्षरं (जी म्हणजे माहेरचं आडनाव गोम्पर्झ).

प्रश्न : त्यांच्या खडबडीत, विवरं पडलेल्या ग्लेझमध्ये काय असतं? अशा वाडग्यात जेवता येईल का?

उत्तर : बारीक दळलेलं सिलिकॉन कार्बाइड. सुरुवात १ टक्क्याने करा. ग्लेझ वितळताना ते वायू सोडतं आणि बुडबुडे फुटून विवरं राहतात. ग्लेझ फार पातळ वितळलं तर विवरं मिटून जातात; मग कमाल तापमान थोडं कमी करा. जेवण वाढू नका, विवरांत अन्न अडकतं. मँगनीज-तांब्याच्या सोनेरी काठाबद्दल तर अधिक जपा: भट्टीतला मँगनीजचा धूर मज्जासंस्थेला घातक असतो, म्हणून भट्टीचा धूर पंख्याने बाहेर काढणं अनिवार्य आहे.

प्रश्न : त्यांची कार्यशाळा अजून पाहता येते का?

उत्तर : हो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या सिरॅमिक दालनात ती पुन्हा उभारली आहे. युद्धकाळात केलेली त्यांची बटणंही कुठे दिसली तर चुकवू नका. पिळलेली, ठशांची, धातूसारख्या चमकेची ही बटणं जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाकेंनी १९८९ मध्ये आपल्या कपड्यांना लावली होती.