नॉर्थ कॅरोलिनात शेती घेताय? आधी काउंटीच्या ऑफिसात जा

भाऊ, बहिणीच्या अर्जावरचं ग्रीन कार्ड आता येण्यात आहे, निफाडची द्राक्षबाग धाकट्याकडे सोपवून चॅथम काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) दहा-बारा एकर घ्यायचा विचार आहे, तर शेतीच्या आणि जलसंधारणाच्या सरकारी योजना शोधायच्या कुठे, असं तुम्ही विचारलंय. योजनांची यादी पाठ करत बसू नका. ती दर काही वर्षांनी बदलते, ऑफिस मात्र तेच राहतं.

अमेरिकी कृषी खात्याच्या फार्मर्स डॉट गव्ह या साइटवर 'सर्व्हिस सेंटर' शोधा, काउंटीचं नाव टाकलं की पत्ता येतो. लहान काउंट्यांमध्ये दोन-तीन मिळून एकच ऑफिस असतं, म्हणून फोन करून वेळ घेऊन जा. आत साधारण दोन खाती भेटतात. एफएसए (फार्म सर्व्हिस एजन्सी) म्हणजे कर्ज, नोंदी, नुकसानभरपाई. एनआरसीएस (नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा) म्हणजे माती, पाणी, कुंपण, झाडोरा. सुरुवात एफएसएपासून करा. खरेदीखत किंवा भाडेकरार, ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबर दाखवलात की तुमच्या जमिनीला 'फार्म नंबर' मिळतो. समोरचा माणूस स्क्रीनवर तुमच्या शेताचा विमानातून काढलेला फोटो उघडतो, त्यावर बांधाच्या रेषा आखलेल्या असतात. तलाठ्याकडचा सातबारा आणि नकाशा एकाच ठिकाणी बघितल्यासारखं वाटतं. रेषा चुकीची दिसली तर तिथेच सांगा, पुढचे सगळे पैसे त्याच एकरांवर मोजले जातात.

मग एनआरसीएस. त्यांचा माणूस शेतावर येतो, उतार आणि ओघळ बघतो, फावड्याने माती उकरून हातात घेतो आणि तुमच्याशी बोलून आराखडा करतो. याचे पैसे लागत नाहीत. 'फॉर्म भरून देतो' म्हणून फी मागणारा भेटला तर कोपरापासून नमस्कार! तुमच्या कामाची मुख्य योजना इक्विप: ठिबक, आच्छादन पिकं, गुरांचं कुंपण, आणि हाय टनेल, म्हणजे आपलं साधं पॉलिहाउस. शेती सुरू करून १० वर्षं झाली नसतील तर 'नवीन शेतकरी' म्हणून जादा दर मिळतो, आणि किमान निम्मी रक्कम आगाऊही मागता येते. इथे सोडत नसते, अर्जांना गुण देऊन क्रमवारी लावतात.

महाडीबीटीवर पूर्वसंमतीआधी ठिबक घेतलं की अनुदान बुडतं, तुम्हाला ठाऊकच आहे. इथेही तोच खाक्या. करारावर सह्या होण्याआधी खड्डासुद्धा खणू नका. ओळखीतल्या एकाने घाईघाईत टनेलचा सांगाडा उभा केला, त्याला एक डॉलर मिळाला नाही. मिळालेली रक्कम साधारणपणे करपात्र असते, हेही लक्षात ठेवा.

केंद्राच्या योजनेत नंबर लागला नाही तर काउंटीच्या सॉइल अँड वॉटर डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे स्थानिक मृद-जलसंधारण संस्थेकडे जा. देशातलं असं पहिलं डिस्ट्रिक्ट याच राज्यात, ब्राउन क्रीकला १९३७ साली झालं. राज्याची खर्च-वाटणीची योजना त्यांच्याकडूनच मिळते. आणि काय पिकेल हे एक्स्टेंशनवाल्यांना, म्हणजे विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेला विचारा. थॉम्सन डोक्यातून काढून टाका, इथल्या दमट हवेत मस्कॅडाइन द्राक्ष टिकतं.

एफएसएचं थेट कर्ज नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला मिळतं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नाही. अनुभव विचारतात, म्हणून बागेच्या विक्रीपट्ट्या आणि निर्यातीचे कागद इंग्रजी भाषांतर करून आणा. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, इथे तसलं काही नाही. पण कार्ड यायच्या आधीच जमीन नावावर केलीत तर तुम्ही परदेशी खरेदीदार ठरता. मग ९० दिवसांत एफएसएकडे नोंद करावी लागते, नाहीतर जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

राहिला घरपट्टीसारखा मालमत्ता कर. फळं-भाजीपाला किमान ५ एकरांवर असेल आणि तीन वर्षांची सरासरी ढोबळ विक्री १,००० डॉलर असेल, तर जमिनीचं मूल्य शेती म्हणून धरतात आणि कर बराच उतरतो. आधीच्या मालकाकडे ही सवलत आहे का, हे सौद्याआधी काउंटीच्या कर खात्यात विचारून घ्या. असेल तर ती पुढे चालू ठेवायचा अर्ज मालकी बदलल्यापासून ६० दिवसांत द्यावा लागतो. मुदत चुकली तर मागच्या तीन वर्षांचा राहिलेला कर व्याजासकट अंगावर येऊ शकतो.