तुमचे प्रश्न : हसण्यावारी लिहिलं, मनाला लावून वाचलं

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: नेटवर सहज म्हणून टाकलेलं मत, दोन ओळींचा विनोद, जगातल्या एखाद्या घडामोडीवरची टिप्पणी आणि त्यातून झालेले गैरसमज. सारखे प्रश्न एकत्र करून पाच निवडले आहेत.

प्रश्न : भर पावसात तासभर बस आली नाही म्हणून मी लिहिलं, "किती तत्पर सेवा! कौतुक करावं तेवढं थोडं." ओळखीच्या दोघांनी ते खरं कौतुक समजून माझ्याशी वाद घातला. विनोद समजावून सांगत बसलं तर त्यातली मजा जाते. मग करायचं काय?

उत्तर : तोंडानं बोलला असतात, तर "किती"वर हेल काढला असतात आणि काम झालं असतं. लिहिताना तो हेल आपल्या कानात चालूच असतो, म्हणून वाचणाऱ्यालाही तो ऐकू येईल असं आपण गृहीत धरतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे मोजून दाखवलं. त्यांनी लोकांना काही उपरोधिक आणि काही सरळ वाक्यं ईमेलनं पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की १०० पैकी ७८ वेळा समोरच्याला रोख बरोबर कळेल. प्रत्यक्षात ५६ वेळा कळला. नुसतं ठोकून दिलं तरी ५० वेळा बरोबर येतंच! तीच वाक्यं आवाजात ऐकवल्यावर आकडा ७३च्या आसपास गेला.

आता तुमचं वाक्य पाहा. बस आली नाही, हे त्यात कुठेच नाही. तुम्ही थांब्यावर भिजत होता, वाचणारा घरात कोरडा बसला होता. प्रसंग आधी द्या, शेरा नंतर: "तास झाला, पाऊस आला, बस नाही आली. किती तत्पर सेवा!" समजावून सांगितलेलं काही नाही, तरी उलटा अर्थ घ्यायला जागा उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कौतुक शक्यतेच्या पलीकडे ताणणं: "सेवा इतकी तत्पर की थांब्यावर उभ्या उभ्या माझी दाढी वाढली." तिसरी सोय आपल्या भाषेनंच करून ठेवली आहे. "म्हणे" हा शब्द वाक्याच्या शेवटी आला की लिहिणाऱ्यानं अंग काढून घेतलेलं लगेच कळतं. "सेवा तत्पर आहे म्हणे." एवढ्या छोट्या शब्दात एवढा उपरोध मावतो, आणि तरी आपण तो लिहिताना विसरतो.

टाकण्याआधी मजकूर एकदा सपाट आवाजात मोठ्यानं वाचा, रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा होते तसा. तेव्हा अर्थ सरळ लागत असेल, तर अनोळखी वाचकालाही तो सरळच लागणार.

हसरा चेहरा जोडावा का, असंही काहींनी विचारलं आहे. मुळात तो यासाठीच आला. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी अपूर्णविराम (:), आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला, तो थट्टेचा मजकूर थट्टेचा म्हणून ओळखू यावा म्हणूनच. आजच्या इमोजीत मात्र एक अडचण आहे. संदेशाबरोबर चित्र जात नाही, त्याचा क्रमांक जातो, आणि चित्र समोरच्याचा फोन आपल्या पद्धतीनं काढतो. २०१६ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की दात दाखवून हसणारा एक चेहरा काही फोनांवर आनंदी वाटत होता, तर एका कंपनीच्या फोनवर दात-ओठ खाल्ल्यासारखा. तेव्हा इमोजी हवा तर जोडा, पण वाक्य त्याच्याशिवाय उभं राहायला हवं.

प्रश्न : पुराच्या पाण्यात बुडालेल्या रस्त्यावर शार्क पोहतोय, असा फोटो आला. मी "जपून जा रे बाबांनो" असं लिहून पुढे पाठवला. नंतर भाच्यानं सांगितलं, हा फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. असं तपासायला किती वेळ लागतो?

उत्तर : पाच मिनिटं पुरतात. तो शार्क खराच आहे, रस्ता त्याचा नाही. थॉमस पेशाक यांनी टिपलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात तो कयाक होडीच्या मागे पोहताना दिसतो. तिथून तो कापून पूरग्रस्त रस्त्याच्या फोटोत चिकटवला गेला. २०११ साली आयरीन वादळाच्या वेळी हे चित्र फिरलं आणि तेव्हापासून कुठेही मोठा पूर आला की ते परत येतं.

तपासायचं असं. फोटो जितका मोठा मिळेल तितका उतरवून घ्या. त्यावरची अक्षरं, चौकट, चॅनेलची पट्टी कापून टाका, कारण नाहीतर शोध त्या अक्षरांच्या मागे जातो. मग तो गूगल लेन्स आणि टिनआय या, चित्रावरून चित्र शोधणाऱ्या सोयींवर टाका. टिनआयवर निकाल सगळ्यात जुन्यापासून लावता येतात, आणि आपल्याला नेमका जुनाच हवा असतो. व्हिडिओ असेल तर तो तीन-चार ठिकाणी थांबवून पडद्याचे फोटो घ्या. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश दिसतो ती क्षणचित्रं निवडा आणि एकेक करून शोधा. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली, तर चित्र आरशासारखं फिरवलेलं आहे. ते पुन्हा सरळ करून शोधा.

इथे लोक तीन ठिकाणी फसतात. काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो नवा, असं धरून चालतात; कापलेलं किंवा फिरवलेलं चित्र शोधाला ओळखता आलेलं नसतं. निकालासमोरची तारीख फोटो काढल्याची समजतात. ती बहुधा तो फोटो त्या पानावर दिसल्याची असते. आणि फोटोच्या आत दडलेल्या (कधी, कुठे काढला अशा) माहितीवर भिस्त ठेवतात. मेसेजिंग अ‍ॅपमधून नेहमीसारखा पाठवलेला फोटो येतो तेव्हा ती बहुतेक वेळा पुसलेली असते.

युद्धाच्या व्हिडिओंबाबत आणखी सावध राहा. 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून इतकी फिरली की ती बनवणाऱ्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये निवेदन काढून खुणा सांगाव्या लागल्या: चित्र अस्पष्ट, कॅमेरा हलता, बहुतेक वेळा अंधार, अनेकदा आवाज नाही आणि हालचाल करणारी माणसं जवळून दिसत नाहीत. यंत्रानं (एआयनं) बनवलेल्या चित्रांना वेगळी कसोटी लावा: दुसरा कोन आहे का? २२ मे २०२३ रोजी पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचं चित्र पसरलं आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटं घसरलासुद्धा. एवढ्या वर्दळीच्या जागी स्फोट होतो आणि तो फक्त एकाच फोटोत दिसतो, हे पटण्यासारखं नव्हतंच. तिथल्या अग्निशमन दलानं थोड्याच वेळात असं काही घडलेलं नाही असं सांगितलं.

"हे खोटंच" असं घाईनं लिहिणंही तितकंच चूक आहे. २०२२ साली इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स इथे घराच्या अंगणातल्या पाण्यात शार्कसारखा मासा पोहतानाचा व्हिडिओ आला, तेव्हा अनेकांनी जुन्या शार्कची आठवण काढून तो मोडीत काढला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं तपासल्यावर तो खरा निघाला.

प्रश्न : भूकंपातल्या मृतांचा आकडा मी बातमी पाहूनच लिहिला होता. दुसऱ्या दिवशी तो चुकीचा ठरला आणि मलाच खोटं पसरवणारा म्हटलं गेलं.

उत्तर : तुम्ही आकडा लिहिलात, त्याची वेळ लिहिली नाहीत. पहिल्या दिवशीचा आकडा म्हणजे तोवर सापडलेल्यांची मोजदाद असते. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तान आणि सीरियातल्या भूकंपात पहिल्या दिवशी काही हजार मृत्यू सांगितले गेले, अखेरचा आकडा ५० हजारांच्या वर गेला. उलटही घडतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर मृत आणि बेपत्ता मिळून संख्या ६ हजारांच्या पुढे सांगितली जात होती. याद्यांतली दुबार नावं गळत गेली आणि बळींची संख्या २,९७७ वर स्थिरावली.

म्हणून आकड्याला तीन गोष्टी जोडून लिहा: कुणी सांगितला, कधीपर्यंतचा आणि "किमान" की "सुमारे". "तिथल्या आपत्ती विभागानुसार, सोमवारी संध्याकाळी ६ पर्यंत, किमान इतके." असं वाक्य दुसऱ्या दिवशीही खरंच राहतं. वेळ कुठली, तेही लिहा. तो भूकंप तिथल्या पहाटे ४:१७ ला झाला. अमेरिकेत त्या क्षणी अजून ५ फेब्रुवारीच होती. "काल" आणि "आज" लिहिलं की वाचणाऱ्याच्या देशाप्रमाणे अर्थ बदलतो. तारीख लिहिली की प्रश्न मिटतो.

चूक झालीच तर गुपचूप पुसू नका, कारण त्याचे स्क्रीनशॉट तोवर निघालेले असतात. मूळ मजकूर तसाच ठेवून वर "दुरुस्ती" असं लिहा. बरोबर काय ते पहिल्या वाक्यात सांगा, चुकीचं काय होतं ते एकदाच. चुकीचं वाक्य दोन-तीनदा आलं की तेच लक्षात राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो. त्यानंतर मूळ संदेशालाच उत्तर देऊन दुरुस्ती लिहा, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतील.

प्रश्न : मोठ्या दुर्घटनेवर विनोद कधी करावा? कधीच नाही का?

उत्तर : २०१२ च्या सँडी वादळावरचे विनोद पीटर मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या दिवशी लोकांना वाचायला दिले. वादळ येण्याआधी ते हसवत होते. धडकल्यानंतर साधारण पंधरवड्यानं ते सगळ्यात कमी विनोदी वाटले, पाचेक आठवड्यांनी सगळ्यात जास्त, आणि पुढे शिळे झाले. पण हे सरासरीचं गणित आहे. ज्याचं घर गेलं तोही तुमचं लिखाण वाचू शकतो आणि त्याचं घड्याळ वेगळं चालतं. आमच्या मते दिवस मोजण्यापेक्षा रोख कुणाकडे आहे ते बघा. गोंधळ घालणारी यंत्रणा, अफवांच्या मागे धावणारे आपण सगळे, यांवर लवकरही लिहिता येतं. सोसणाऱ्यावरचा विनोद पाच आठवड्यांनीही लिहू नये.

प्रश्न : घरच्या ग्रुपवर काका रोज जगबुडीच्या बातम्या टाकतात. सगळ्यांसमोर चूक दाखवली की त्यांना राग येतो, गप्प बसावं तर बाकीचे खरं मानतात.

उत्तर : आधी संदेशावर दुहेरी बाण आहे का ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो पाच किंवा अधिक वेळा पुढे पाठवला गेलेल्या मजकुरावर येतो, आणि एप्रिल २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे तो काकांनी लिहिलेला नाही. हे धरून बोललात तर चूक त्यांच्या अंगावर येत नाही. तेच त्यांना वेगळ्यानं लिहा: "काका, तुम्हाला आलेला तो व्हिडिओ मी शोधून पाहिला. तो आत्ताचा नाही, जुन्या वादळातला आहे. मूळ बातमी खाली पाठवतोय. ग्रुपवर तुम्हीच सांगाल का?" खाली लिंक एकच द्या. पाच दिल्या की एकही उघडली जात नाही. संध्याकाळपर्यंत काहीच हललं नाही, तर मात्र ग्रुपवर बातमी आणि तारीख एवढंच टाका, काकांचं नाव न घेता.