ख्रिसमस रोमान्स पहिल्यांदाच वाचणार असशील तर
अगं जाडजूड कादंबरीने सुरुवात करूच नकोस, आधी 'लेट इट स्नो' घे, 2008 चं आहे, तीन लेखकांच्या तीन गोष्टी पण बर्फाचं वादळ एकच आणि गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे एकेक करून वाचता येतात आणि हा प्रकार आपल्याला आवडतोय का तेही कळतं. मग जोसी सिल्व्हरचं 'वन डे इन डिसेंबर', लंडनमधलं, बसच्या खिडकीतून दिसलेला मुलगा वगैरे, पण ते नुसतं ख्रिसमसपुरतं नाहीये, गोष्ट बरीच वर्षं चालते आणि मधे चांगलंच रडू येतं, हलकंफुलकं हवं असेल तेव्हा नको घेऊस.

शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं म्हणून लोक नाकं मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही, खरी मजा ती दोघं तिथवर कशी पोचतात यातच आहे. बर्फात केबिनमध्ये अडकणं, घरच्यांसमोर खोटं खोटं कपल बनणं, यातलं तुला काय आवडतं बघ आणि त्यावरून पुढचं निवड.

आणि हो, गोंडस कव्हरवर जाऊ नकोस, काहींमध्ये बेडरूमचे सीन बरेच उघड असतात, नको असतील तर आधी रिव्ह्यू वाच.