प्लास्टिकच्या पिशवीतली माती आणि ‘निरंक’ अहवाल

महोदय, रबाळे एमआयडीसीत आपण घेतलेल्या भूखंडावर पूर्वी थिनरचा कारखाना होता. पायासाठी दोन मीटर खोदताच उग्र दर्प येऊ लागला, विक्रेता मात्र व्यवहाराच्या वेळी दिलेला ‘बाष्पनशील सेंद्रिय संयुगे आढळली नाहीत’ हा प्रयोगशाळेचा अहवाल पुढे करतो. अशा स्थितीत दाद मागता येईल का, असे आपण विचारले आहे. मागता येईल. परंतु खोदकाम आजच थांबवावे आणि मजुरांना खड्ड्यात उतरू देऊ नये. अशा जागी बेंझिन असू शकते आणि ते कर्करोगकारक आहे.

आपण पाठवलेल्या अहवालात निष्कर्षापेक्षा नमुना घेतल्याची नोंद महत्त्वाची आहे. पाच खड्ड्यांतील माती घमेल्यात एकत्र कालवली, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली आणि तेविसाव्या दिवशी तपासली, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. बेंझिन, टोल्युइन किंवा ट्रायक्लोरोएथिलीन ही अशीच बाष्पनशील संयुगे आहेत, ती साध्या तापमानालाही उडून जातात. म्हणूनच न ढवळलेली सुमारे पाच ग्रॅम माती जागेवरच हवाबंद काचेच्या कुपीत किंवा मिथेनॉलमध्ये घेऊन, चार अंश सेल्सिअसला थंड ठेवून, साधारणतः चौदा दिवसांत तपासण्याची रीत आहे. पिशवी उघडली तेव्हा ही द्रव्ये मातीत उरली नव्हती, यापलीकडे त्या अहवालातून काहीही सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असली, तरी तिच्या व्याप्तीत मातीतील ही चाचणी येते का, तेही पाहावे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. खरी लढाई त्याला ते ठाऊक होते हे दाखवण्याची आहे. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुन्या कारखान्याला दिलेली संमतीपत्रे आणि भूमिगत टाक्या दाखवणारे मंजूर नकाशे माहितीच्या अधिकारात मागवावेत.

नवा नमुना विक्रेत्याला लेखी नोटीस देऊन, दोघांच्या समक्ष, सीलबंद आणि स्वाक्षरीसह घ्यावा. मंडळाकडेही तक्रार करावी, कारण पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 च्या कलम 11 प्रमाणे अधिकारप्राप्त अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे वजन खासगी अहवालापेक्षा अधिक असते. भरपाई आणि भूखंडाच्या पुनर्स्थापनेसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 च्या कलम 15 खाली अर्ज करता येतो. त्याची मुदत कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षे आहे, आणि ही तारीख कोणती यावर विक्रेता हमखास वाद घालील, म्हणून विलंब करू नये.

उपसलेली माती ताडपत्रीने झाकून आवारातच ठेवावी. ती भरावासाठी डंपरवाल्याला दिल्यास पुरावा जाईलच, शिवाय पुढची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. करारात मालमत्ता ‘जशी आहे तशी’ घेतल्याचे कलम असेल, तर त्याची प्रत कृपया पाठवावी. जाणूनबुजून केलेली लपवाछपवी त्या कलमाने माफ होत नाही, तरी दाव्याची मांडणी त्याच्या शब्दरचनेवर ठरेल.