रक्त कमी वाटलं, तरी आधी जीभ बघा

चक्कर आणि झोप न लागणं एवढ्यावरून चिनी वैद्यकातली 'रक्त-न्यूनता' (रक्ताचं पोषण कमी पडणं) ठरवू नका. रुग्णाला खिडकीपाशी बसवून दिवसाच्या उजेडात जीभ बघा: फिकट, पातळ, जराशी कोरडी. ओठही फिके, नाडी दोऱ्यासारखी बारीक. डोळ्यांपुढे ठिपके, हातापायांना मुंग्या, पाळीत कमी रक्तस्राव असेल तर यकृताच्या रक्त-न्यूनतेचा विचार करा; धडधड आणि विसराळूपणा असेल तर हृदयाच्या. जीभ लालभडक आणि रात्री घाम येत असेल, तर ती यिन-न्यूनता, म्हणजे शरीराला थंडावा-ओलावा देणाऱ्या 'यिन'ची कमतरता.

नवशिके सरसकट सी-वू-थांग हा रक्तवर्धक काढा देतात. त्यातली शू-दी-हुआंग (एक प्रक्रिया केलेली मुळी) पचायला फार जड! चिनी वैद्यकात रक्त अन्नातून, प्लीहेच्या बळावर तयार होतं. म्हणून भूक मेलेली आणि शौच पातळ असेल, तर आधी पचन सावरा. मला तिथे ग्वेई-फी-थांग, म्हणजे प्लीहेला बळ देणारा काढा, जास्त भरवशाचा वाटतो. सोबत गुडघ्याखाली चार बोटांवरच्या त्सू-सान-ली या बिंदूवर मोक्साचा (जळत्या वनस्पतीचा) शेक.

आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगाच. खूप रक्तस्राव होत असेल तर थेट डॉक्टरांकडे पाठवा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्याला तांग-ग्वेई (या दोन्ही काढ्यांतली मुळी) मुळीच देऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.