राधानगरीच्या विजेत सूर्य कुठे?

प्रश्न : राधानगरीची वीज पाण्यापासून आणि आमच्या साखर कारखान्यांची उसाच्या चिपाडापासून तयार होते, मग दोन्हींचे मूळ सूर्यात आहे, असे का म्हणतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कारण राधानगरी धरणात साठणारे भोगावती नदीचे पाणी उंचावर नेण्याचे काम सूर्यच करतो. पृथ्वीला मिळणाऱ्या सौरऊर्जेचा सुमारे एक चतुर्थांश भाग बाष्पीभवनात खर्च होतो. समुद्रावरून आलेली ही वाफ सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि पाऊस होऊन कोसळते. त्यातली बहुतेक ऊर्जा ढग बनतानाच उष्णतेच्या रूपाने हवेत परतते, त्यामुळे धरणातल्या पाण्याच्या उंचीत साठलेला वाटा अगदी अल्प असतो, आणि तेवढ्यावरही जनित्रे फिरतात, ही मला खरोखर विलक्षण गोष्ट वाटते. ही वाफ आणणारा नैऋत्य मोसमी वाराही जमीन आणि समुद्र असमान तापल्यामुळेच वाहतो. पवनचक्क्यांमागेही हेच असमान तापणे असते. ऊस प्रकाशसंश्लेषणाने सूर्यप्रकाश साठवतो आणि चिपाड जाळल्यावर तीच ऊर्जा मोकळी होते. अपवाद मात्र आहेत : भूऔष्णिक ऊर्जा पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेतून मिळते, तर भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे होते, तिच्यात सूर्याचा वाटा असतो, पण तो गुरुत्वाकर्षणाचा, प्रकाशाचा नव्हे.